बाद मतं

मन्मथअप्पांचे सगळे आकडे माझ्याकडे आहेत.
वहीची पहिली चार पानं गिरणीची उधारी,
पाचव्या पानापासून अप्पा.

एकोणऐंशी, जिल्हा परिषद: आले, चारशे बारांनी.
पंच्याऐंशी, विधानसभा: पडले.
नव्वद: आले. पंच्याण्णव: पडले.
आमच्याकडं माणूस उभा राहतो, पडतो, निवडून येतो;
चालताना फारसा कुणी दिसत नाही,
पण ते असो.

तेव्हा मोजणी बाजार समितीच्या गोदामात व्हायची.
फटीफटीत तुरीची धूळ. पिंपात मतपत्रिका मिसळायच्या,
पन्नासाचा गठ्ठा, वर रबर,
आणि जाळीच्या अलीकडं मी, बिल्ला उलटा लावलेला,
शिंका आवरत.
अप्पा आत यायचे नाहीत.
लिंबाखाली जीपमध्ये बसून सुपारी कातरायचे.

पंच्याऐंशीला एक मत बाद झालं, ते मी बघितलं.
शिक्का अप्पांच्याच चिन्हावर, मधोमध,
आणि खाली बॉलपेननं:
तावरजावरच्या पुलाचं काय?
साहेब म्हणाले, लिहिलंय, बाद.
मी म्हणालो, साहेब, हे आमचंच आहे.
ते म्हणाले, असेल की.

जीपपाशी जाऊन सांगितलं, अकराशे सत्तरनं गेली.
अप्पांनी मान हलवली. मग विचारलं,
"बाद किती? अन् लिवलंय काय?"
तेव्हापासून वहीत एक रकाना वाढला.

नव्वदचा गुलाल महिनाभर कानातून निघत होता.
बायकोनं मला गिरणीत येऊ दिलं नाही,
पीठ गुलाबी होतंय म्हणून.
त्या वर्षी बादमध्ये दोन मजकूर.
एक शिवी.
आणि एक: अप्पा, पोरीचं लगीन हाय, या.
नाव नाही, तारीख नाही.
अप्पा त्या उन्हाळ्यात दिसेल त्या मांडवात शिरले.

नव्याण्णव: आले, अठ्ठावन्न मतांनी.
फेरमोजणी, रात्रीचे अडीच, वीज गेलेली,
पेट्रोमॅक्सच्या उजेडात बादचा गठ्ठा तिसऱ्यांदा सुटला.
पूल झाला त्या टर्मला.
पुलापर्यंत जाणारा रस्ता पुढच्या टर्मला होणार होता.

मग मशिनी आल्या.
चार: पडले. नऊ: पडले.
चौदाला डिपॉझिट गेलं. एकोणीसशे सात मतं,
सगळी स्वच्छ. बटणावर कोण काय लिहिणार?
अप्पांनी वही मागून घेतली,
रकान्यातल्या शून्यांवरून बोट फिरवलं, म्हणाले,
"बोलनंच बंद केलं की बा लोकांनी."

परवा गावच्या सोसायटीची निवडणूक झाली.
अप्पा एक्क्याऐंशीचे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं.
तिथं अजून कागद आहे, शिक्का आहे.
शाळेच्या वर्गात मोजणी. अप्पांना एकशे तेरा.
इराप्पाच्या नातवाला एकशे तेरा.
बाद: एक.

अप्पा पहिल्यांदाच आत आले होते,
दुसरीच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन.
"काय लिवलंय?"
अधिकारी म्हणजे पोरगीच होती.
तिनं कागद दाखवला, हातात दिला नाही.
शिक्का छत्रीवर, अप्पांच्याच.
खाली वाकडं अक्षर:
अप्पा, आता बसा.

मायेनं की रागानं, अक्षरावरून कळेना.
मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, कोण असंल?
अप्पा म्हणाले, "पेन्सिलीनं लिवलंय.
खोडता आलं असतं त्याला."

ईश्वरचिठ्ठी काढली. तिसरीतली एक पोरगी आणली,
डब्यात घालायच्या आधी तिनं हात फ्रॉकला पुसला.
नाव नातवाचं निघालं.
अप्पांनी तिला जवळ बोलावलं, कुणाची गं तू?
तिनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.
अप्पा मात्र बराच वेळ हसत होते.

घरी येऊन लिहिलं: पडले, चिठ्ठीनं. बाद एक.
मजकुराला रकान्यात जागा उरली नव्हती.
मग उलटं जात जात पहिल्या पानावर लिहिला,
जिथं कुणाचं तरी दोन पायली दळण
अजून येणं आहे.