सात आटे

पहाटे पावणेचारला, पारसिकच्या पायथ्याशी,
मी रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलतो.
आत झुरळं, टाचेभर गढूळ पाणी
आणि व्हॉल्वचं चौकोनी डोकं.
हातात छातीएवढी उंच चावी.
ठेकेदाराच्या वहीत मी हंगामी, नऊ वर्षांपासून.
डोंगरावरच्या बायका मला पाणीदादा म्हणतात,
जसं काही ढग मीच हाकतो.

हसूराम केणींनी शिकवलं मला.
त्यांचा बाप कळव्याच्या खाडीवर उघाडी सांभाळायचा:
भरतीला फळी खाली, ओहोटीला वर,
खारं पाणी भातात शिरू द्यायचं नाही.
त्याचं घड्याळ म्हणजे चंद्र.
ती शेतं आता सात मजल्यांची झाली,
आणि केणी निवृत्तीपर्यंत याच खड्ड्यावर वाकले.
म्हणायचे, पान्याला उतार आपसूक कलतो,
चढ आपुन शिकवाचा.

चढ शिकवायचा म्हणजे
खालच्या गल्लीचा व्हॉल्व सात आटे आवळायचा.
सहावर थांबलात तर वरच्या नळांतून नुसता वारा,
फुर्र फुर्र, कुणी झोपेत चिडवल्यासारखा.
आठ आवळलेत तर खालून फोन,
आधी सेक्रेटरीचा, मग नगरसेवकाच्या भाच्याचा.
सात.
तोंडाने मोजायचे नाहीत.
कुणी ऐकलं तर आट्याला भाव लागतो.

वर एक टाकीही आहे, बारा लाख लिटरची.
तिच्याकडे निघालेला पाइप वनखात्याच्या कुंपणाशी अडला,
गेल्या थंडीत त्यात एक कुत्री व्याली.
उद्घाटनाच्या पाटीवर गोधड्या वाळतात.

त्या मंगळवारी सहावा आटा चालू होता
आणि गिरिजा अपार्टमेंटमधला मुलगा
अनवाणी धावत आला.
आई गेली. रात्री अडीचला.
आंघोळ घालायचीय. माणसं जमतील. दहा मिनिटं फक्त.
त्याच्या हातात रिकामी बादली होती,
का आणली होती कुणास ठाऊक.
मी चावी उलटी फिरवली.

दहाची तेवीस मिनिटं झाली.
अख्ख्या गल्लीने टुल्लू पंप लावून भरून घेतलं,
एकाने तेवढ्यात स्कूटरही धुतली.
पाच वाजता मेन लाइन बंद, पुढची पाळी विटाव्याची.
तिथली माणसं तरी का थांबतील?

उजाडल्यावर दोनशे बारा पायऱ्या चढून गेलो.
कुणी बोलावलं नव्हतं.
शेवटचं घर अनसूया खिल्लारेंचं, परतूरच्या.
दारात निळं पिंप, त्याच्या तळाशी दोन तांबे पाणी.
मला वाटलं, शिव्या देतील.
त्यांनी विचारलं, "खाली कोन गेलं?"

तुम्हाला कसं कळलं?

"आधी दोनदा असंच चुकलं पानी.
दोन्ही बारीला मयत."

गिरिजातल्या, मी म्हणालो, दुसरा मजला. करंदीकर बाई.

त्या उंबऱ्यावरच बसल्या.
अकरा वर्षं त्या घरची भांडी त्यांच्या हातची,
त्याच नळाखाली, ज्याच्यासाठी मी
रोज सात आटे आवळतो.
बऱ्याच वेळाने म्हणाल्या,
"त्याईला कोमट लागायचं.
तापवलं का कुनी?"

मला माहीत नव्हतं.
मी फक्त चावी फिरवली होती.

त्यांनी पिंप तिरकं केलं, तांब्याभर काढलं,
तोंड धुतलं, केसांवरून ओला हात फिरवला
आणि कामाला खाली उतरल्या.
मी मागे राहिलो, पायऱ्या न मोजता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पावणेचार.
पाचवा. सहावा.
दुसऱ्या मजल्यावर दिवा लागला,
मुलगा बाल्कनीत आला, खाली पाहत राहिला.
बोलला नाही. मीही नाही.
सातवा.

पाण्याला डोंगर चढायला अकरा मिनिटं लागतात.
तोवर मी चावीच्या दांड्याला कान लावतो.
आधी वारा. मग दगड चावल्यासारखी खडखड.
मग खूप वरून
प्लास्टिकच्या पिंपाचा रिकामा तळ वाजतो.

भासच असेल.
इतक्या लांबचं ऐकू येत नाही.