शेऱ्याचा रकाना

वडाळ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये
लाकडी पेट्यांत निजवलेली असते मुंबई,
मनगटाएवढ्या जाड कांड्यांची.
डावीकडून उजवीकडे, वरून खाली,
पान वाचावं तशी.

मी कांडी ओली करते, भिंग लावते.
लिहिते : बेसॉल्ट, करडा, घट्ट.
लिहिते : बेसॉल्ट, बुडबुड्यांच्या पोकळ्या,
आत पांढरे स्फटिक.
पुन्हा लिहिते : बेसॉल्ट.
आगसुद्धा कंटाळवाणी होते
साडेसहा कोटी वर्षं गप्प राहिली की.

इरण्णा धोत्रे पेट्या उचलतो.
त्याला भिंग लागत नाही,
नखानं टिचकी मारतो नि कान देतो.
"खणखणला तर धड.
बद्द वाजला तर पाणी शिरलंय पोटात."
हे कळायला मला तीन वर्षं कॉलेज लागलं
आणि हाती शब्द आला : अपक्षय.

त्याची आई गिरगावच्या चाळींतून फिरायची,
पाट्याला टाकीऽऽ
छिन्नीच्या दर ठोक्याला
दगडाचा एक तीळ उडायचा.
काही उंबऱ्याबाहेर पडायचे,
काही दुसऱ्या दिवशीच्या चटणीत.
माझ्या आजोळीही आली असेल ती.
म्हणजे लाव्हा मी आधी खाल्ला,
अभ्यास नंतर केला.

बाप कांदिवलीच्या खाणीत.
शेवटी शेवटी जिना चढवेना.
डॉक्टरनं फोटो खिडकीला धरला, म्हणाला, धूळ.
"मला तर थर दिसले," इरण्णा म्हणतो,
"गाळ बसतो ना खाडीत, तसे.
सावकाश.
कुणाला घाई नव्हती."

पेटी अकरा. वरळी.
बावीस मीटर चाळीसला बेसॉल्ट अचानक संपतो
आणि काळा, पानापानांचा शेल सुरू होतो.
हात लावला तर बोटाला काजळी.
सत्तर सेंटिमीटर. खाली पुन्हा बेसॉल्ट.
दोन लाव्ह्यांच्या मधल्या सवडीत
इथे तळं होतं.
पानापानांत एक हाड, तांदळाच्या कणीएवढं,
बेडकाचं असावं.

पण वरची चार बोटं वेगळी :
खापरासारखी भाजलेली, कडक,
पानं एकमेकांना घट्ट धरून.
ना आग, ना गाळ.
आग अंगावर आली तेव्हा
चिखलाला जे जमलं, ते.

इरण्णा उकिडवा बसून बघत राहिला.
"किती वर्षं मिळाली त्याला, तळ्याला?"
हजारो असतील, मी म्हटलं. कोण मोजणार.
"मग पुष्कळ झाली.
आम्हाला टेकडीच्या पायथ्याशी अकरा मिळाली.
मग बुलडोझर."

बाहेर काँक्रीटचे ठोकळे हौदात भिजत होते,
प्रत्येकावर खडूनं तारीख.
अठ्ठावीस दिवसांत दगड होतात
आणि त्याच दिवशी यंत्राखाली
चिरडून बघतात, झाले का.

शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळींची जागा.
मी लिहिलं : शेल, काळसर, हातानं मोडतो.
वरची कड भाजलेली.

झाकण ठोकण्याआधी
इरण्णानं मगातलं पाणी तळहातावर घेतलं
आणि त्या काळ्या पट्टीवरून फिरवलं,
तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावं तसं.

शेलला पाणी लावू नये, सुटून येतो,
हे मी त्याला रोज बजावते.
त्या दिवशी नाही बजावलं.