बरणी क्रमांक चार

सोमवारी हेडाऊ मॅडमनी ब्लेडनं झुरळाचं डोकं उडवलं,
मानेवर मेणाचा थेंब टाकला
आणि म्हणाल्या, निखारे बाई, रोज बघा, वहीत लिहा.
कॉलेजात माझं काम तेवढंच,
बरण्या धुणं, कपाटं पुसणं,
पंखे बंद करून कुलूप लावणं.

मंगळवार: चालतं.
बुधवार: कुंचल्यानं टोचलं, वळलं.
गुरुवार: उभं.
शुक्रवारी पुढचा पाय उचलून
मिशा जिथं असायच्या
तिथली हवा साफ करत होतं.
हे मी वहीत लिहिलं नाही.

मॅडमनी समजावलं होतं,
ते नाकानं श्वास घेतच नाही,
कुशीला बारीक भोकं असतात.
आणि अक्कल सगळी डोक्यात ठेवलेली नाही,
पोटाखालून एक दोरा गेलाय,
दोऱ्याला जागोजाग गाठी,
एकेका गाठीत थोडंथोडं शहाणपण.
गाठींचं मला माहीत आहे मॅडम, मी म्हटलं,
मी कोष्ट्याची पोरगी.

माझ्या बाबांचं नाव सुखदेव.
दोन वर्षं झाली, त्यांना ते माहीत नाही.
गोळीबार चौकामागच्या घरात, पुढच्या खोलीत
मागाचा खड्डा होता,
तो बुजवून आम्ही फरशी घातली.
त्या फरशीवर त्यांची खाट.
दुपारी पाय खाली सोडून बसतात
आणि पावड्या दाबतात.
डावी. उजवी. डावी.
एक हात धोटा फेकतो, दुसरा झेलतो.
मध्येच थांबून दोन बोटांनी
तुटलेला ताणा शोधतात, गाठ मारतात,
दातानं टोक तोडतात.
मी अगदी जवळून पाहिलंय,
ती गाठ पक्की असते.
लुगडं किती हात झालं, कोण जाणे.

धकातेकाकू दारातून डोकावते.
"बुढ्याचं डोकंच गेलं ना वं, आता काय राह्यलं?"
मी तिला बरणीचं सांगत नाही.

शनिवारी सत्तेचाळीस.
कुलरच्या ताट्या कोरड्या,
महालाकडं निघालेली माणसं खिशात कांदा ठेवून.
बरणीतलं झुरळ कागदासारखं हलकं झालेलं.
जखमेनं नाही जाणार ते, मॅडम म्हणाल्या,
भुकेनंही एवढ्यात नाही. तहानेनं.
तोंडच नाही ना.
मी तीन दिवस रोज ओला कापूस ठेवत होते.
ते कापसावरून चालत गेलं.
पाय ओले झाले, बस.

बाबांना तोंड आहे.
पण तहान लागली, हे सांगणारा
आतून उठून गेलाय.
उशाशी गुंड भरलेला, ओठ भेगाळलेले.
पेला लावला की ओठ घट्ट मिटतात
दुकानाच्या शटरसारखे,
आणि मी रागावते, मग स्वतःवर रागावते,
मग चमच्यानं, मग ओल्या फडक्यानं.
कापसाची आठवण येते. फडकं टाकून देते.

रविवारी दुपारी म्हटलं, बाबा, पानी प्या.
"कोन व्हय तू?"
वनमाला.
जरा थांबले. पायही थांबले.
"कांडी आन."

शाळेतून आले की दप्तर भिरकावून
कांड्या भरायचं काम माझंच होतं.
बोटं अजून सांगतात, किती भरायची, कुठं थांबायचं.
मी गुंडातनं पेला भरला, काठोकाठ नाही,
आणि त्यांच्या उजव्या हातात दिला.

उजव्यानं तो फेकला.
डाव्यानं झेलला.
पाणी सांडलं फरशीवर,
जुन्या खड्ड्याच्या जागी.
पेल्यात तळाशी थोडं उरलं
आणि डावा हात, कुणाला न विचारता,
तोंडाकडं गेला.

सोमवारी वही उघडली.
बरणी क्रमांक चार: उताणं, पाय आखडलेले.
खाली एक ओळ कोरी सोडली
आणि मॅडमना कळणार नाही अशा बारीक अक्षरात लिहिलं,
दोन घोट.