उसळ करू नकोस

फ्रेनीबाईंनी लाइटबिलाच्या पाकिटात दिलेल्या
स्वीट पीच्या अकरा बिया
बशीत भिजवल्या रात्रभर.
सात फुगल्या, चार ढिम्म.
त्यांना नेलकटरनं हलकेच टोचा.
"डोळा सांभाळ," त्या म्हणाल्या होत्या,
"आणि उसळ करू नकोस, विषारी असतात."

रविवार पुरवणीच्या पुंगळ्या, आत माती.
साळुंखे विहारच्या गॅलरीत
ऑक्टोबरचं ऊन अजून तापट.
नवव्या दिवशी
'भाड्याने देणे'च्या ओळी फाडून
एक हिरवा आकडा वर आला.

चार पानांवर शेंडा खुडायचा.
हात होईना. फोन केला.
"खुड नी, डीकरा."
खुडला.

आज पुंगळ्यांसकट मोठ्या कुंडीत.
ग्रिलला सुतळ्याही बांधल्यात,
पण एका तंतूनं
वाळत घातलेल्या टॉवेलचा दोरा धरलाय.

रंग कुठला येणार,
फ्रेनीबाईंनाही आठवत नाही.

आंघोळीला दुसरा टॉवेल घेतला.