पेटी नसताना

गड्डीगोदामच्या चर्चची पेटी शनिवारी उचलून आणली.
भाता फाटलेला, तीन रीड गंजलेल्या,
मंद्र पंचमात कुठल्याशा उंदरीनं बाळंतपण उरकलेलं.
"गुरुवारी लग्न आहे," ऍल्विन मास्तर म्हणाले, "तोवर होईल?"
होईल म्हटलं. चाळीस वर्षं होईलच म्हणत आलोय.

बुधवारी संध्याकाळी गेलो ते सांगायला, की झाली.
आत सराव चाललेला.
मास्तरांनी आधी कूलर बंद करवला:
"हा खर्जात बोलतो, आणि बेसूर बोलतो."
मे महिना, नागपूर, अंधार पडूनही भिंत पाठीला भाजते,
आणि बावीस माणसं स्वतःहून वारा सोडून उभी.

नादकाटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला,
मास्तर हूं म्हणाले. एवढंच.

समूहगान म्हणजे मला वाटायचं
शाळेतली प्रार्थना: सगळे एकाच वाटेनं,
मागे पडला तो धावत गाठतो.
इथं चौघे चार मजल्यांवर
आणि जिना कुठे दिसेना.
तळाला रेल्वेतून रिटायर झालेले दोन बास,
षड्ज असा धरलेला, जशी कुणी शिडी धरतो
वर चढणाऱ्याचं नाव न विचारता.

सगळ्यात वर तीन बाया. सोप्रानो.
आमच्या भाषेत काळी पाच, किंवा त्याच्याही पुढे.
मी समजत होतो, पट्टी एक म्हणजे आवाज एक.
युनिस खोब्रागडे बँकेत कॅशियर आहे,
तान घेते ती कोऱ्या नोटा मोजल्यासारखी,
एकीला एक चिकटलेली नाही.
हेप्सिबा शांतवनला घाई नाही,
संत्र्याची साल सुटावी तसा तिचा स्वर,
न ओढता, अख्खा.
आणि मार्थाबाई. त्यांना मास्तर मागे दाराशी उभं करतात.
आवाज मोठा नाही, जड आहे.
मोठा आवाज कानाला लागतो,
हा माझ्या हाताखालच्या बाकाला लागला.
तोच वरचा षड्ज, युनिसचाच;
तिच्या षड्जावर पाखरू बसेल, बाईंच्या षड्जावर माणूस.

दुसऱ्या कडव्याच्या शेवटी
खाली षड्ज, मधे पंचम,
आणि आल्टोतल्या एका पोरीनं,
ड्युटीवरून थेट आलेली, पायात अजून पांढरे बूट,
गंधार ठेवला.
लावला नाही. ठेवला.
मानेवरचे केस उभे राहिले माझे, कारण तो ओळखीचा होता:
तानपुरा नीट मिळाला की
कुणी न छेडता जो येतो, तो.

पेटीत तो नाही.
पेटीचा गंधार थोडा चढाच,
बारा घरांत भांडण नको म्हणून
प्रत्येकाकडून जरा जरा कापून घेतलेलं.
मीच कापतो, कानशीनं.
ह्याच हातांनी ती तडजोड पितळेत बसवत आलोय
आणि लोक म्हणतात, वा, अलोणे मिस्त्री,
काय सुरात लावली!

बावीस माणसं होती. छताजवळ
तेविसावा आवाज होता, कुणाचाच नाही.
मी मोजून पाहिलं दोनदा.

गाणं संपलं, कामठीकडे एक मालगाडी गेली.
मास्तरांनी पुन्हा काटा आपटला.
पाव सूर उतरले होते सगळे.
"पण सगळेच," मास्तर म्हणाले,
आणि रागावायचं विसरले.

मग माझ्याकडे वळून: "मिस्त्री, पेटी?"

दुकानात ती पुसून, कापड घालून ठेवलेली.
"भात्याचं कातडं वाळायचंय," मी म्हणालो.
"आठवडा तरी लागेल."
"एवढ्या उन्हात?" युनिसनं विचारलं.

कुणीतरी कूलर सुरू केला.
बेसूरच होता. मी तिकडे तोंड करून उभा राहिलो.