लुकण

ओहोटीला होडी चिखलात एका कुशीवर टेकते
तेव्हा क्विंचाओ बेटावर आमचा दिवस उजाडतो.
समुद्र सहा तासांची रजा देतो. जास्त नाही.

एर्सिलिया मिल्यालोंको फळीवरून नख फिरवते.
सायप्रसच्या लाकडात केसाएवढी चीर,
काल रात्री तिथूनच खाडी आत आली
आणि बटाट्यांची दोन पोती भिजवून गेली.

आधी खरवड, ती म्हणते.
गुळगुळीतावर काही धरत नाही.
खरवडता खरवडता चीर बोटभर झाली.
मग पुसणं, वाळवणं, परत पुसणं.
चिकटायचं तर आधी थोडं सोलवटून घ्यावं लागतं,
असं मला वाटलं, बोललो नाही.
तिच्या लेखी तो फक्त ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर.

राळ दोन माप, हार्डनर एक.
राळ थंडीनं आळसावलेली, काकवीसारखी.
हार्डनरला शिळ्या मासळीचा वास.
लांब पाण्याची रेघ हलली
आणि मी घाबरलो.
ती पाठमोरी असताना अजून अर्धं माप ओतलं,
लवकर सुकेल म्हणून,
वर कप शेगडीजवळ ठेवून ब्रश शोधायला गेलो.

परत येईतो कप तापला होता, धुरकटला होता,
कडेनं वाकला होता.

ती ओरडली नाही.
म्हणाली, हे सुकत नसतं रे.
सुकतो चिखल, सुकतात मोजे.
हे एकमेकांत गुंततं. दोघांचे हात मोजलेले असतात.
जादा आलेले हात रिकामे राहतात,
जन्मभर चिकट.

पाणी घोट्याला लागलं.
तिनं खिशातून आलेर्सेच्या सालीचा काथ्या काढला,
चरबीत मळला, पटाशीनं चिरेत ठोकला,
बापाच्या हाताची लय तशीच धरून.
भिजला की फुगेल. एका भरतीपुरता पुरे.

होडी उठली.
रात्रभरात तीन डबे पाणी उपसलं, एवढंच.

दुसऱ्या ओहोटीला काथ्या काढला, ओल उडवली,
माप तिनं नाही, मीच घेतलं,
श्वास धरून, औषध मोजावं तसं.
त्या भरतीला होडी पाण्यात सोडली नाही,
वर ओढून ठेवली, गोधडी पांघरून.

मग केबिन आणि डेकमधली फट.
तिथं तिनं आधी फोमची दोरी दाबली,
वरून सीलंटची काळी रेघ, अंगठ्यानं चेपलेली.
दोरीला ते चिकटत नाही. मुद्दाम.
दोन्ही कडांना धरू दे, म्हणाली, तळाला नको.
तिन्हीकडून धरलं की ताणायला जागा उरत नाही,
पहिल्या लाटेला फाटतं.

त्या संध्याकाळी आईला सांगितलं,
पुएर्तो मोंतला जातोय, डिसेंबरात येईन.
ती बटाटे सोलत राहिली.
कडेचा एक माझ्याकडे सरकवला.

माझा तो वाकडा कप
एर्सिलियानं फेकला नाही, खिडकीत ठेवलाय.
डिसेंबरात आलो तेव्हा बोट लावून पाहिलं.
अजून चिकट.
मधोमध एक माशी,
पंख अर्धे उघडलेले.