रेघेवरचं धरायचं

प्लेटच्या झाकणावर नाव चुकलं होतं: हुर्मत ताडवी.
मी खोडून लिहिलं, हुरमत तडवी, वय चौतीस,
मुक्काम पाल, तालुका रावेर.
उजवा डोळा.

घड उतरवताना वाळल्या पानाचा फटकारा बसला.
चार दिवस कुणा बाळंतिणीचं दूध घातलं,
मग गावातल्या डॉक्टरने दिलेले थेंब.
थेंबांनी दोन दिवस बरं वाटलं.
बुरशीलाही.

भिरूड मॅडमनी बुबुळावरून खरवडून काढलं,
तिळाच्या सालीएवढं,
आणि पात्याच्या टोकाने जेलीवर तीन कोरी ओढल्या,
बीजेच्या चंद्रासारख्या.
मी इथे लागले तेव्हा वाणी सरांचा पहिला धडा हाच:
कोरीवर उगवेल ते डोळ्यातलं.
कोरीबाहेर उगवेल ते हवेतलं,
पंख्याच्या पात्यावरचं, तुझ्या ओढणीवरचं, जळगावचं.
रेघेवरचं धरायचं.
बाकीचं असतंच.

उरलेला कण पोटॅशच्या थेंबात.
माणसाच्या पेशी विरतात, पाच-दहा मिनिटांत,
धागे विरत नाहीत.
कुणीतरी शिवण उसवून टाकावी तसे पडलेले,
मधे मधे पडदे, फांद्यांना फांद्या.
बुरशी आहे, एवढं त्याच दुपारी कळवलं.
कुठली, ते ती स्वतः सांगेल,
तिच्या सवडीने.

बाहेर पंचेचाळीस.
कपाटात तिच्यासाठी पंचवीस.
लाइट गेली की इन्व्हर्टर फक्त कपाटाला,
आम्ही रजिस्टरनेच वारा घेतो.

दुसऱ्या दिवशी काही नाही.
तिसऱ्या दिवशी कोरीवर पांढरं,
बोंडाला चीर पडून कापूस डोकवावा तेवढं.
काठाशी, रेघ सोडून, एक काळा ठिपका, मिरीच्या पुडीसारखा.
ओळखते मी त्याला. तो आपला नाही.
पाचव्या दिवशी प्लेट उलटी केली:
तळाला कांद्याच्या आतल्या पापुद्र्याचा फिका जांभळा.

सेलोटेपचा तुकडा हलकेच टेकवला,
निळ्या रंगात बुडवला,
चाळीसच्या भिंगाखाली घातला.
पुस्तकात लिहिलंय: होडीसारखे, विळ्यासारखे.
लिहिणारा कधी सावद्याला
ट्रक भरताना उभा राहिला नसावा.
पाठीला बाक, दोन्ही टोकं निमुळती, आत तीन-चार आडवे पडदे,
फण्यांवर फण्या.
निळी केळी.

रिपोर्ट न्यायला ती स्वतः आली, डोळ्यावर पट्टी,
सोबत मुलगा, सातवी-आठवीतला.
“बाई, माह्या डोयातून काय निंघालं?”
कागदावर होतं फ्युजेरियम.
मुलाने ते दोनदा वाचलं, दोनदा वेगळं.
दाखवायचं नसतं. दाखवलं.
सवयीने आधी पट्टीचाच डोळा टेकवला तिने,
मग दुसरा.
बराच वेळ काही बोलली नाही.
“ह्या तं केयी हायेत.”
आणि मान न उचलता,
“मंग घड कवा उतरवाचा?”

मी हसले. मुलगा नाही हसला.
तासातासाला थेंब, रात्रीसुद्धा;
तो मोबाइलमध्ये चोवीस गजर लावत बसला,
बाकावर, एकेक.

याच कुळातलं कुणीतरी
केळीच्या मुळाशी शिरून उभी बाग वाळवतं,
असं मी वाचलंय. तिला सांगितलं नाही.
एका डोळ्याला पुरे एवढं.

प्लेट दाबाच्या वाफेत गेली,
कोरी आणि मिरी, दोघं एकाच डब्यात.

सव्वा महिन्याने ती दिसली, बाहेर नळावर.
डोळा वाचला. बोटं मोजता येतात, हातभर अंतरावरून.
मधोमध पांढरं राहिलं.
“फूल पडलं,” म्हणाली,
पाऊस पडला म्हणावं तसं.

बुरशीला फूल येत नाही,
नव्या पोरींना मी दर वर्षी सांगते.
यंदा सांगताना अडखळले,
खोकल्यासारखं केलं, पुढे गेले.

पुढचा नमुना. नाव बरोबर आहे.
डावा पाय. बाभळीचा काटा, सहा वर्षांपूर्वीचा.
पुवात दाणे,
काळे.